पेशीपासून पेशी

सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु नवी पेशी येते कोठून, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास फार काळ लागला. आणि ज्याने ते शोधले, त्याचे नाव बहुतेकांच्या कानी पडलेले नाही.

इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात रिकाम्या कप्प्यांची जाळी पाहिली. पुढे १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींविषयी व १८३९ मध्ये श्वानने प्राण्यांविषयी पेशीसिद्धांत मांडला. मात्र नव्या पेशीची उत्पत्ती सांगताना दोघांचीही चूक झाली. पाकात साखरेचे खडे धरावेत तशा पेशी द्रवातून आपोआप घडतात, असे त्यांचे मत होते. निर्जीवातून सजीव उपजतो, ही जुनी समजूतच त्या मताने मागील दाराने आत आणली.

या मताला प्राणिसृष्टीतील पुराव्याने छेद देणारा शास्त्रज्ञ म्हणजे रॉबर्ट रेमाक. त्याचा जन्म १८१५ मध्ये पोझेन येथे एका ज्यू कुटुंबात झाला. १८४१ मध्ये कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या रक्तपेशी पाहताना त्याला दिसले की, एका पेशीच्या दोन पेशी होत आहेत. एवढ्यावर तो थांबला नाही. बेडकाची अंडी रासायनिक द्रावणांत कठीण करून त्याने त्यांचे विभाजन तपासले. तेव्हा पेशीचे बाह्यपटलही विभाजनात सहभागी होते, असे त्याच्या ध्यानी आले. १८५२ मध्ये त्याने निष्कर्ष मांडला, की प्राण्यांच्या पेशी पूर्वीच्या पेशींच्या विभाजनानेच निर्माण होतात. रोगट गाठींनाही त्याने हाच नियम लावला.

त्या काळी प्रशियात ज्यू माणसाला विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळणे जवळजवळ अशक्य होते. धर्मांतर केले असते, तर मार्ग मोकळा झाला असता. रेमाकने ते केले नाही. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टसारख्यांच्या पाठिंब्याने १८४७ मध्ये त्याला बर्लिन विद्यापीठात शिकविण्याची परवानगी मिळाली. पूर्ण प्राध्यापकपद मात्र अखेरपर्यंत लाभले नाही.

१८५५ मध्ये रुडोल्फ विर्शो याने ‘प्रत्येक पेशी पेशीपासूनच’ या अर्थाचे लॅटिन सूत्र प्रसिद्ध केले. पुढील वर्षी तो बर्लिनमध्ये प्राध्यापक झाला आणि १८५८ च्या त्याच्या ग्रंथाने ते सूत्र सर्वतोमुखी केले. रोगाचे मूळ पेशीत शोधावे, ही विर्शोची शिकवण वैद्यकाला नवी दिशा देणारी होती, यात शंका नाही. तथापि सूत्राबरोबर विर्शोचे नाव जगभर गेले. त्यामागील निरीक्षणे करणाऱ्याचे मागे राहिले. १८६५ मध्ये रेमाक निवर्तला.

विभाजनाच्या वेळी पेशीच्या आत काय घडते, हे वाल्थर फ्लेमिंगने दाखविले. सॅलमँडरच्या पेशींना रंग देऊन त्याने केंद्रकातील तंतू पाहिले व १८८२ च्या ग्रंथात त्यांचे उभे चिरणे वर्णिले. हेच तंतू म्हणजे गुणसूत्रे. प्रत्येक नव्या पेशीस त्यांचा पूर्ण संच मिळतो.

कर्करोगाची गाठ बाहेरून येत नाही. शरीराच्याच पेशींचे विभाजन अनावर झाल्याने ती वाढते. आजच्या अनेक औषधांचा रोख या विभाजनावरच असतो. त्या उपचारांच्या पायाशी रेमाकने पाहिलेली, दुभंगणारी रक्तपेशी आहे.