पाच टक्क्यांची हमी

16 एप्रिल 1853 ची बोरीबंदर–ठाणे गाडी म्हटलं की साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं आणि एकवीस तोफांची सलामी आपल्याला शाळेपासून पाठ असते. तिच्या साडेतीन वर्षं आधी झालेल्या कराराचं नाव मात्र सहसा कुणी काढत नाही. माझ्या मते सगळी गंमत त्या कागदात आहे.

17 ऑगस्ट 1849. ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, यांचा करार झाला. मुंबईहून कल्याणच्या बाजूला एक प्रायोगिक मार्ग, भांडवल पाच लाख पौंड, जमीन 99 वर्षांसाठी फुकट. इंग्लंडात रेल्वेच्या शेअरांचा फुगा नुकताच फुटला होता, त्यामुळे एवढ्यावर कुणी खिशात हात घालेना. मग भांडवलावर 5 टक्के व्याजाची सरकारी हमी आली. गाडीने पाचाच्या वर कमावलं तर त्यात भागधारकाचा वाटा होताच. कमी पडलं तर भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे शेतसारा भरणाऱ्या आणि मिठावर कर देणाऱ्या माणसाकडून.

1 मे 1854 ला ठाण्याची खाडी ओलांडून, मुंब्र्याच्या डोंगराच्या कडेने रूळ कल्याणला पोचले. (पारसिकचा लांब बोगदा बराच नंतरचा, 1916 चा.) कल्याणहून एक फाटा बोरघाटाकडे गेला, दुसरा थळघाटाकडे. हे दोन्ही घाट फोडण्यात 1865 उजाडलं. खर्च वाढला तरी लंडनच्या भागधारकाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी पुढे संसदेच्या समितीपुढे ते रोखठोक सांगितलं: पैसा हुगळीत फेकला काय किंवा त्याच्या विटा केल्या काय, हमी असेपर्यंत गुंतवणूकदाराला दोन्ही सारखंच.

मधल्या काळात 1857 च्या उठावाने सरकारच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर चढवला. 1860 मध्ये जेम्स विल्सन यांनी पहिला अर्थसंकल्प मांडून प्राप्तिकर आणला, त्याचं कारण हेच. त्यात रेल्वेच्या व्याजाची भर पडतच होती. अखेर 1869 मध्ये व्हाइसरॉय लॉरेन्स यांनी हिशेब मांडला की सरकारने स्वतः कर्ज काढलं तर ते पाचापेक्षा स्वस्त पडतं, मग मधला दलाल कशाला? पुढच्याच वर्षी, रूळ स्वस्तात टाकता यावेत म्हणून, अरुंद मीटरगेज स्वीकारलं गेलं. रुळांची रुंदी ठरवताना तिजोरीतली चणचण अशी आडवी आली आणि गेज बदलताना माल उतरवून पुन्हा चढवण्याचा ताप देशाने पुढे शंभरावर वर्षं सोसला.

जीआयपीने काही वर्षं पाचाच्या वर कमावलं, हे खरं. पण देशभरच्या रेल्वेचा एकत्र हिशेब केला तर शतक संपेपर्यंत सरकारला जवळजवळ दरवर्षी पदरमोड करावी लागली. अर्थाभ्यासक गणेश व्यंकटेश जोशी आणि त्यांच्या पाठोपाठ गोपाळ कृष्ण गोखले यांचा आक्षेप इथेच होता: दुष्काळाच्या देशात रेल्वेला इतकी सढळ आणि पाटबंधाऱ्यांना हात आखडून रक्कम का? गोखल्यांनी 1897 मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना रेल्वेच्या या घाईवर टीका केली.

1900 मध्ये सरकारने जीआयपी विकत घेतली, पण किंमत रोख न देता वर्षासनाच्या हप्त्यांत द्यायचं ठरवलं. हप्ते पार 1948 पर्यंतचे! 1924 मध्ये रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा काढला, तेव्हा रेल्वेने व्याज भागवून शिवाय गुंतलेल्या भांडवलावर 1 टक्का सरकारी तिजोरीत भरावा असं ठरलं. तो वेगळा अर्थसंकल्प 2017 पर्यंत टिकला.

आता त्याच ठाणे–कल्याण वाटेवर अलीकडे पैसा कसा उभा राहिला ते बघा. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाली. ती ज्या एमयूटीपीतून, म्हणजे मुंबई नागरी परिवहन प्रकल्पातून, उभी राहिली, त्या योजनेत रेल्वे आणि राज्य सरकार निम्मेनिम्मे भागीदार आहेत आणि कर्ज जागतिक बँकेचंही आहे. फेडीसाठी तिकिटावर आणि पासावर अधिभार लावला. मला ही पद्धत जुन्या हमीपेक्षा बरी वाटते. 1854 मध्ये भरपाईचा भार गाडी कधी न पाहिलेल्या शेतकऱ्यावर होता, आता निदान काही हिस्सा तरी त्याच मार्गावर लटकत जाणारा डोंबिवलीकर पास काढताना भरतो.