प्लॉटसच्या ‘बंदिवान’चे प्रास्ताविक : ओळी ५४ ते ६२

रोमन नाटककार प्लॉटस (मृत्यू इ.स.पू. १८४) याच्या ‘काप्तिवी’ म्हणजे ‘बंदिवान’ या नाटकाचा सूत्रधार इथे बोलतो आहे; शेजारी साखळदंडांत दोन युद्धकैदी उभे आहेत. कथानक त्याने आधीच सांगून टाकले आहे. एटोलियातला म्हातारा हेजिओ शत्रूच्या ताब्यातला मुलगा सोडवायला कैदी विकत घेतो. त्यांतला गुलाम टिंडारस हा त्याचाच, चौथ्या वर्षी पळवला गेलेला दुसरा मुलगा. बापाला हे ठाऊक नाही, प्रेक्षकांना आहे.

ओळी ५४–५५ : हे नाटक नेहमीच्या साच्यातले नाही, असे सूत्रधार बजावतो. तो साचा रोमकरांना तोंडपाठ होता : प्रेमात पडलेला कफल्लक तरुण, करडा बाप आणि बापाला गंडवून पैसे काढणारा बिलंदर गुलाम.

ओळ ५६ : अचकटविचकट बोलणे नसल्याची ग्वाही. नाटकात एकही स्त्रीपात्र नाही आणि प्रेमप्रकरणही नाही.

ओळी ५७–५८ : खोट्या शपथा वाहणारा कुंटणखान्याचा मालक, दुष्ट गणिका आणि बढाईखोर सैनिक, तिघांनाही रजा. आयतोबा खुशमस्कऱ्या मात्र या यादीत नाही. प्रास्ताविक संपताच तो, एर्गासिलस, हजर होतो. बिलंदर गुलामही यादीत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. टिंडारस सोबतच्या कैद्याशी, म्हणजे आपल्या मूळ धन्याशी, नावाची अदलाबदल करतो, ती धन्याने सुखरूप घरी जावे म्हणून. एरवी गुलामाला मिळतात त्या बहुधा नुसत्या धमक्या. याला खरोखर दगडाच्या खाणीत धाडतात. इतरांनी दिवसाला आठ दगड काढायचे, तर याने दीडपट, हा हेजिओचा हुकूम.

ओळी ५९–६० : युद्धाचा उल्लेख झाला तरी लढाया रंगमंचाबाहेरच होतील, एवढा दिलासा.

ओळी ६१–६२ : विनोदी नाटकाच्या साहित्यावर एकाएकी शोकांतिका उभी करणे जवळजवळ अन्यायाचे, असे सूत्रधार म्हणतो. त्यातले ‘जवळजवळ’ मोलाचे आहे. नकळत पोटच्या पोराला छळणारा बाप हा शोकांतिकेचाच विषय. शेवटी ओळख पटणे हा विनोदी नाटकांचा हुकमी तोडगा. तो सहसा प्रेमिकांच्या लग्नाची वाट मोकळी करतो. इथे टिंडारसच्या बेड्या त्याला पळवणाऱ्या स्टॅलॅग्मसच्या अंगावर चढतात, पण त्या घालणारा हात बापाचा होता, हे काही पुसले जात नाही. ठरीव साच्यात एवढे दुःख मावते, हे प्लॉटसने इथे सिद्ध केले.