कानपूरचे दहा दिवस : भारतातील आज्ञावली-अध्यापनाच्या आरंभाविषयी

भारतातील संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या वा उद्योगाच्या अंगाने लिहिला जातो. अध्यापनाचा भाग त्यात चार-दोन ओळींत आटोपतो. प्रस्तुत लेखात कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील एका आरंभीच्या टप्प्याचा विचार केला आहे.

नऊ अमेरिकी विद्यापीठांच्या साहाय्याने चाललेल्या कार्यक्रमातून ऑगस्ट 1963 मध्ये आयबीएम 1620 हे यंत्र कानपुरात आले. देशातील ते पहिले यंत्र नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः घडविलेला टिफ्रॅक 1960 पासून कार्यान्वित होता. परंतु तेथे यंत्र मुख्यतः संशोधकांचे गणन-साधन होते. कानपुरात ते विद्यार्थ्यांच्या हाती देण्यात आले. हा भेद, आमच्या मते, यंत्राच्या क्षमतेपेक्षा अधिक निर्णायक ठरला.

क्षमता तशी बेताचीच होती. 1620 मध्ये बेरजेसाठी स्वतंत्र परिपथ नव्हता. बेरजेचा तक्ता स्मृतीत भरून ठेवावा लागे व यंत्र त्यातून उत्तर शोधी. पाढे पाठ करून वर्गात बसलेल्या मुलासारखेच म्हणावयाचे. एखाद्या सदोष आज्ञावलीने तो तक्ताच पुसला, तर पुढील सर्व बेरजा चुकत. परंतु या यंत्रावर फोर्ट्रान भाषा उपलब्ध होती. यंत्रभाषेत लिहिणाऱ्यास यंत्राची अंतर्गत रचना ठाऊक असणे भाग होते. फोर्ट्रानमध्ये सूत्र जवळजवळ बीजगणिताच्या धाटणीने मांडता येई. त्यामुळेच स्थापत्य वा रसायनशास्त्राच्या अभ्यासकास अवघ्या दहा दिवसांत आज्ञावली शिकविणे शक्य झाले. हॅरी हस्की, फॉर्मन अ‍ॅक्टन, आयर्विंग रॅबिनोविट्झ हे पाहुणे प्राध्यापक व व्ही. राजारामन यांच्या प्रयत्नांतून बाहेरील शास्त्रज्ञ व अभियंत्यांसाठीही असे वर्ग भरू लागले. छिद्रित पत्रांचा गठ्ठा यंत्रात घालावा, चूक निघाल्यास ते पत्र बदलावे व पुन्हा यावे, ही शिस्त व्याख्यानाने अंगी बाणली नसती.

1965 मध्ये विद्युत अभियांत्रिकीच्या एम.टेक.मध्ये संगणकशास्त्राचा पर्याय सुरू झाला, स्वतंत्र बी.टेक. मात्र 1970 च्या दशकाच्या अखेरीसच आले. दरम्यान 1969 मध्ये राजारामन यांचे आज्ञावलीच्या तत्त्वांवरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले.

पुस्तक स्वस्त व सुटसुटीत; ते यंत्राच्या कितीतरी पुढे गेले. ज्या महाविद्यालयांत संगणक नव्हता तेथेही फोर्ट्रान फळ्यावर शिकविता येऊ लागले. प्रवाह-आकृती काढावी, आज्ञावली वहीत उतरवावी, आणि ती बरोबर की चूक हे परीक्षकाने लाल शाईने ठरवावे. ज्या अनुभवातून ते अध्यापन घडले होते, नेमका तोच अनुभव प्रसारात गळून पडला. टंचाईने लादलेली ही लेखी पद्धत समजण्याजोगी होती. परंतु प्रयोगशाळा यंत्रांनी भरल्यानंतरही अनेक विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांत ती कायम राहिली, याचे स्पष्टीकरण टंचाईने देता येत नाही.