पेटी ठेवायला जागा : मुंबईतली गोंयकारांची कूड

हॉटेल मॅनेजमेंट करून मुंबईत पहिली नोकरी लागली, तेव्हा माझा अर्धा पगार नुसत्या कॉटच्या भाड्यात जायचा. ड्युटी चकाचक लॉबीत, झोपायला मात्र सहा जणांत एक खोली. वाटायचं, हे आपल्याच पिढीच्या नशिबी आलंय. पण नाही हो!

१६ डिसेंबर १९०३ ला अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल सुरू झालं. त्याच्याही आधीपासून गोव्याची पोरं मुंबई गाठत होती. कोणी आचारी, कोणी वेटर, कोणी बँडवाला, कोणी बोटीवर खलाशी. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज, इथे इंग्रज. म्हणजे राज्यही परकं. मग राहायचं कुठे?

त्यावर त्यांचा तोडगा होता 'कूड'. कोकणीत कूड म्हणजे खोली. धोबीतलाव, माझगाव भागात एकेका गावाने आपापली कूड चालवली. गावचा आहेस? मग ये. थोडी वर्गणी, भिंतीलगत तुझी पेटी, रात्री जमिनीवर अंथरूण. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. बोटीवर गेलास तरी पेटी तिथेच. धोबीतलावच्या जेर महालात ही व्यवस्था आजही पाहायला मिळते.

पगार त्यांचाही तोकडाच होता. पण जागेचं ओझं एकट्याच्या डोक्यावर नव्हतं, ते अख्ख्या गावाने वाटून घेतलं होतं. आपण डिपॉझिट एकट्याने भरतो, फरक तो इथे.

म्हणून ऑफर लेटर आलं की आधी विचारा, राहायची सोय आहे का? आणि नसेल, तर शहरात आपल्या गावचं कोण आहे ते शोधा. भेटूया पुढच्या भागात!