जैव उष्णतामापन

सजीव पेशी व सूक्ष्मजीव यांच्या चयापचयात बाहेर पडणारी उष्णता मोजून त्यांचे अस्तित्व, वाढ आणि कार्य ओळखण्याचे तंत्र. अगदी लहान नमुन्यांसाठी ते वापरतात, तेव्हा त्याला सूक्ष्म-उष्णतामापन म्हणतात. पेशींना रंग द्यावा लागत नाही की नमुना पारदर्शक असावा लागत नाही. त्यामुळे रक्त, दूध, माती असे गढूळ पदार्थही तपासता येतात.

तत्त्व : अन्नातील ऊर्जेचा काही भाग पेशी स्वतःच्या बांधणीसाठी वापरते, उरलेला उष्णता होऊन बाहेर पडतो. वाढत्या जीवाणूपासून सु. २ पिकोवॉट, तर सस्तन प्राण्याच्या पेशीपासून साधारण ३० पिकोवॉट उष्णता निघते. पिकोवॉट म्हणजे वॉटचा एक लाख कोटीवा भाग. चांगल्या उपकरणाला ०.२ मायक्रोवॉटपर्यंतचा संकेत कळतो, म्हणजे सु. एक लाख जीवाणू एकत्र असतील तरच त्यांची चाहूल लागते.

इतिहास : लव्हॉयझर व लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले व वितळलेल्या पाण्यावरून त्याच्या शरीराची उष्णता काढली. श्वसन हे संथ ज्वलन आहे, या विचाराला त्यातून बळ मिळाले. १८५६ मध्ये द्यूब्रंफो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने किण्वनाच्या मोठ्या पिंपातील उष्णतेचा हिशेब मांडला. स्नायूंच्या उष्णतेवरील कामासाठी पुढे नोबेल मिळवणारे ए. व्ही. हिल यांनी १९१०च्या सुमारास सूक्ष्मजीवांसाठी भेदी उष्णतामापक बनवला. त्यानंतर फ्रान्समध्ये त्यां व काल्व्हे यांनी आणि स्वीडनमध्ये लुंड येथे इंगेमार वाड्सो यांनी आजच्या उपकरणांचा पाया घातला.

उपकरण : ३-४ मिलि. नमुना असलेली बंद कुपी स्थिर तापमानाच्या कक्षात ठेवतात. कुपी व भोवतालचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये तपयुग्मांची माळ असते. कुपीतली उष्णता ठोकळ्याकडे वाहताना त्या माळेत विद्युत् दाब निर्माण होतो व त्याचा आलेख उमटतो. शेजारी निर्जंतुक द्रव भरलेली जोडकुपी असते. दोन्हींतला फरक तेवढा घेतात.

आसवनीतील मापन : महाराष्ट्रात जैव उष्णता औद्योगिक प्रमाणावर हाताळली जाते ती साखर कारखान्यांच्या आसवन्यांत. उसाच्या मळीतील साखरेचे यीस्ट अल्कोहॉल करते, तेव्हा दर किलो साखरेमागे ४०० ते ६०० किलोजूल उष्णता सुटते. १५ टक्के साखरेचा द्रव मुळीच थंड केला नाही, तर तो पंधरा-वीस अंशांनी तापू शकतो. यीस्टला साधारण ३२-३४° से. मानवते, त्यापुढे ती मंदावते. म्हणून फर्मेंटरमधील द्रव उष्णता-विनिमयकातून फिरवतात. थंड करणाऱ्या पाण्याचा प्रवाह आणि आत-बाहेरच्या तापमानांतला फरक यांवरून यीस्टच्या कामाचा वेग कळतो. सेकंदाला १ लिटर पाणी ४ अंशांनी तापून बाहेर पडत असेल, तर सु. १६.८ किलोवॉट उष्णता निघत आहे. पाण्याचा प्रवाह तोच असून हा आकडा अवेळी घसरला, तर यीस्ट थकली आहे किंवा द्रवात काही बिनसले आहे असे समजावे. एप्रिल-मेमध्ये कूलिंग टॉवरचे पाणीच कोमट असल्याने हा तोल सांभाळणे अवघड जाते. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा साखर संस्थेत मद्यार्क तंत्रज्ञानाचा अभ्यास होतो. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (१९५४) या कारखान्यात घेतलेल्या पेनिसिलिनचे किण्वन ऑक्सिजनवर चालते. अशा किण्वनात खर्च झालेल्या दर मोल ऑक्सिजनमागे सु. ४६० किलोजूल उष्णता निघते, त्यामुळे तेथे थंडाव्याची गरज आणखी मोठी असते.

जंतूंचा शोध : कुपीत शंभर जीवाणू असले व ते दर २० मिनिटांनी दुप्पट होत गेले, तर दहा दुपटींत, म्हणजे सु. ३ तास २० मिनिटांत, ते लाखावर जातात व आलेख वर चढू लागतो. क्षयाच्या जंतूला एका दुपटीसाठी १५-२० तास लागतात; त्याच हिशेबाने तेथे सहा ते आठ दिवस जातात. २० ते २४° से. तापमानाला साठवल्या जाणाऱ्या प्लेटलेटमध्ये जंतू लवकर वाढतात. त्यांचा दूषितपणा ओळखण्यासाठी ही पद्धत २००७ मध्ये तपासली गेली. प्रतिजैविक घातल्यावर आलेख सपाट झाला, तर औषध लागू पडते असे कळते.

मर्यादा : उष्णतेवरून जीव आहे हे कळते, कोणता ते कळत नाही. १९७३ मध्ये बोलिंग व सहकाऱ्यांनी आलेखाच्या आकारावरून आंत्र जीवाणूंच्या जाती ओळखून दाखवल्या. पण पोषकद्रव किंवा जंतूंची सुरुवातीची संख्या बदलली की आकारही बदलतो. बंद कुपीतला ऑक्सिजन संपला तरी आलेख खाली येतो, त्यामुळे पेशी मेल्या असा गैरसमज होऊ शकतो. कुपी ठेवल्यावर तापमान स्थिरावेपर्यंतच्या पहिल्या तासाभराच्या नोंदी सहसा वापरता येत नाहीत. त्यामुळे रुग्णालयांत रक्त संवर्धनासाठी कार्बन डायऑक्साइड ओळखणारी स्वयंचलित यंत्रेच रूढ आहेत. उष्णतामापन प्रामुख्याने संशोधन, औषधचाचणी व किण्वन-नियंत्रण यांत वापरले जाते.