एकच काठी, बेताचे पैसे : 'बास'च्या गळकाठीचा इतिहास

बेताच्या पैशांत मिळणारी आणि सगळ्या कामांना चालणारी 'बास'ची एकच काठी कोणती घ्यावी, हा प्रश्न अमेरिकेतल्या हौशी मासेमारांत पिढ्यानपिढ्या विचारला जातो. वरवर पाहता तो दुकानाच्या गल्ल्यावरचा प्रश्न आहे. भारतीय बांबूच्या व्यापाराचा मागोवा घेताना मी त्याच्यापाशी पोहोचलो आणि मग त्याचाच पाठपुरावा करत राहिलो. गळकाठीचा इतिहास आजवर बहुधा महागड्या काठ्यांवरून लिहिला गेला आहे, कारण संग्रहालयांत आणि लिलावांत त्याच उरल्या. ही काठी खऱ्या अर्थाने बदलली ती मात्र ज्याला एकच काठी परवडत होती अशा माणसासाठी, असे माझे मत आहे.

आधी मासा समजून घेऊ. ब्लॅक बास हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला गोड्या पाण्यातला मासा. मोठ्या तोंडाचा 'लार्जमाउथ' आणि लहान तोंडाचा 'स्मॉलमाउथ' या त्याच्या दोन प्रसिद्ध जाती. लार्जमाउथ पाणवनस्पतींत, बुडालेल्या ओंडक्यांच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि बेडूक, लहान मासे, झिंगे असे जे समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. म्हणून त्याच्यासाठीची आमिषेही नाना वजनांची. हलके आमिष दूर फेकायचे तर काठीचे टोक लवचीक हवे; गळाला लागलेला मासा शेवाळातून ओढून काढायचा तर बुडखा ताठ हवा. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. 'सगळ्या कामांची काठी' म्हणजे त्यांच्यातली तडजोड, आणि ती किती चांगली साधेल हे प्रत्येक काळात हाती असलेल्या साहित्यावर ठरले.

त्यातले पहिले महत्त्वाचे साहित्य आपल्याकडून गेले. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावचा सॅम्युएल फिलिप हा बंदुका आणि व्हायोलिन बनवणारा कारागीर. १८४० च्या दशकात त्याने बांबू चिरून, त्याच्या कामट्या तासून आणि एकमेकींना चिकटवून काठ्या केल्या. इंग्लंडमध्ये चिरलेल्या बांबूची शेंडे त्याआधीही होत असत. अमेरिकेत हे काम रुजवण्याचे श्रेय फिलिपला देतात. हा बांबू 'कलकत्ता बांबू' म्हणून ओळखला जाई. तो कलकत्त्यात उगवत नसे, तिथल्या बंदरातून जहाजात चढे. बहुतेक जाणकार त्याला डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस ही जात मानतात. मेळघाटात आणि गडचिरोलीत आपण ज्याला मानवेल म्हणतो, तीच ही जात. अमेरिकेला गेलेला माल महाराष्ट्रातला होता असा याचा अर्थ नाही, पण झाड आपल्या ओळखीचे आहे. जवळजवळ भरीव असल्यामुळे घोडदळाच्या भाल्यांना आणि पोलिसांच्या लाठ्यांनाही तोच लागे.

या बांबूवर जळल्याच्या काळ्या खुणा असत, शिवाय त्याला भुंगा लागे. कारागीर गठ्ठ्यातले निवडक बांबू घेत आणि बराच माल टाकून देत. निवड, चिरणे, तासणे, चिकटवणे हे सगळे हातांनी होई. त्यामुळे काठी उत्तम झाली तरी ती सामान्याच्या खिशाबाहेरची राहिली. मेन राज्यातील हायरम लेनर्डने १८७० च्या दशकात कामट्यांना नेमका उतार देणारे यंत्र बनवले आणि ते कुलूपबंद खोलीत ठेवले. यंत्र आले, पण त्याचा लाभ गिऱ्हाइकापर्यंत लगेच पोहोचला नाही.

बासचा स्वतंत्र विचार केला तो डॉ. जेम्स हेन्शॉल यांनी. १८८१ साली सिनसिनाटीहून त्यांचा 'बुक ऑफ द ब्लॅक बास' हा ग्रंथ निघाला. तोवर प्रतिष्ठा ट्राउट आणि सामन या माशांची. बास पकडणाऱ्याने लांब, जड काठी वापरावी ही रीत. हेन्शॉल यांनी सुमारे सव्वाआठ फुटांची, आटोपशीर काठी सुचवली. पुढे शिकागोच्या बाजूच्या मंडळींनी डोक्यावरून आमिष फेकायला सहा फुटांच्या आसपासची काठी पसंत केली. त्यामागे सोय होती. तेव्हाच्या साहित्यात लांबी वाढली की वजन वाढे, आणि दिवसभर फेकून मनगट दुखे.

स्वस्ताईचा पहिला मोठा प्रयत्न पोलादाचा. कनेक्टिकटच्या एव्हरेट हॉर्टनने १८८७ साली एकात एक सरकणाऱ्या पोलादी काठीचे पेटंट घेतले. रविवारी मासेमारीला बंदी असल्याने ती विजारीत लपवून नेता यावी, हा त्याचा हेतू होता असे सांगतात. पोलादाची काठी जड आणि मठ्ठ होती, पण तिला भुंगा लागत नसे आणि ती पेटाऱ्यात पडून राहिली तरी बिघडत नसे. माँटेग्यूसारख्या कारखान्यांनी बांबूच्या काठ्याही ढिगाने काढल्या. तोवर कलकत्ता बांबू मागे पडून दक्षिण चीनमधला सरळ, घट्ट तंतूंचा 'टोंकिन' बांबू आला होता. तोही टोंकिनमध्ये होत नसे, तर ग्वांगडोंग प्रांतात. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड मॅक्ल्युअर यांनी १९३१ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. दोन्ही बांबूंच्या व्यापारी नावांत तो जिथे तोडला गेला त्या जंगलाचा पत्ता नाही, मग तोडणाऱ्यांची नावे कुठून असणार?

दरम्यान मासाच सामान्य माणसाच्या दारात आला. १९३३ साली स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली प्राधिकरणाने आणि अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाने दक्षिणेत धरणांमागून धरणे बांधली. बुडालेल्या जंगलांचे ते जलाशय बासला मानवले. कारखान्यातला कामगार रविवारी होडी घेऊन तिथे जाऊ लागला. त्याला लागणारी काठी काचेने दिली. आर्थर हॉवल्ड यांनी राळेत काचेचे तंतू बसवून काठी तयार केली आणि शेक्सपिअर कंपनीने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती 'वंडररॉड' या नावाने बाजारात आणली. १९५० च्या अखेरीस अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, टोंकिन बांबू मिळेनासा झाला आणि काचेचा रस्ता मोकळा झाला. ही काठी कुजत नव्हती, वाकडी होत नव्हती, आणि मुख्य म्हणजे ती निवडून घ्यावी लागत नव्हती. एका साच्यातून निघालेल्या सगळ्या सारख्या.

१९६७ साली अलाबामातील रे स्कॉट या विमा विक्रेत्याने आर्कान्सामधील बीव्हर तलावावर बासची स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी 'बास' ही संघटना काढली. स्पर्धांमुळे तंत्रे वाढली आणि प्रत्येक तंत्राची काठी वेगळी झाली. कॅलिफोर्नियाच्या डी थॉमसने लांब काठीने झुडपात आमिष हळूच सोडण्याची 'फ्लिपिंग' पद्धत आणली, तर फेनविक कंपनीने त्यासाठी साडेसात फुटी काठी काढली. १९७० च्या दशकात ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचे तंतू, आले. काठी हलकी झाल्यामुळे लांबी वाढवूनही मनगट दुखेना. मात्र सुरुवातीचे ग्रॅफाइट महाग आणि ठिसूळ होते. १९७६ साली शेक्सपिअरने काच आणि ग्रॅफाइट एकत्र करून 'अग्ली स्टिक' काढली. तिच्या नावातच कुरूपता आहे. पण ती स्वस्त आणि चिवट होती, आणि आजही विकली जाते.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. सुमारे सात फूट लांब, 'मीडियम हेवी' ताकदीची, 'फास्ट' वाकाची ग्रॅफाइट काठी. ताकद म्हणजे वाकवायला लागणारा जोर आणि वाक म्हणजे ती कुठून वाकते ते. फास्ट काठी मुख्यतः वरच्या तिसऱ्या हिश्शात वाकते. त्यामुळे पाव ते पाऊण औंसाचे आमिष टोक फेकते आणि मासा बुडखा ओढतो. एकेकाळी परस्परविरुद्ध वाटणाऱ्या दोन्ही मागण्या शंभर डॉलरच्या आसपास बऱ्यापैकी भागतात. काठीवरच्या 'आयएम-६', 'आयएम-७' अशा आकड्यांना भुलू नये. ती मुळात एका उत्पादकाच्या तंतूंची नावे. सगळ्या उद्योगाला लागू असे ते दर्जाचे माप नव्हे. काठी वाकवून वाक सलग येतो का, आणि दोरी ओवायच्या कड्या सरळ रेषेत आहेत का, हे पाहावे.

फिलिपच्या हातच्या काठ्या आज संग्रहाची शोभा आहेत, आणि त्यांचा मान त्यांना मिळायलाच हवा. मात्र होडीच्या तळाशी पडून झिजलेल्या, शेवटी मोडून फेकल्या गेलेल्या स्वस्त काठ्या कोणी जपल्या नाहीत. बासची मासेमारी सामान्यांची झाली ती त्यांच्यामुळे, आणि म्हणून या इतिहासात त्यांना पहिल्या काठ्यांइतकीच जागा द्यायला हवी.