वृक्षरचना, एक्सएसएलटी रूपांतरणातील

एक्सएमएल या खूणभाषेतील दस्तऐवजाचे अन्य दस्तऐवजात रूपांतर करण्यासाठी एक्सएसएलटी ही भाषा वापरतात. तीत मूळ मजकूर ही अक्षरांची सलग ओळ न मानता नोडांचा वृक्ष मानतात. वृक्षाचे मूळ वर व पर्णे खाली दाखविण्याचा प्रघात आहे.

अमेरिकेत आयबीएम कंपनीतील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी १९६९ मध्ये आरंभिलेल्या जीएमएलपासून एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक (१९८६) व त्याचे सुटसुटीत रूप एक्सएमएल (१९९८) निर्माण झाले. एसजीएमएलसाठी १९९६ मध्ये मान्य झालेल्या डीएसएसएसएल भाषेत वृक्षरूपांतराचा विचार होता. परंतु स्कीम या भाषेवर आधारलेली ही क्लिष्ट भाषा फारशी रूढ झाली नाही. जेम्स क्लार्क यांनी संपादिलेली एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १६ नोव्हेंबर १९९९ रोजी प्रमाणित केली. वृक्षातील नोड निवडणारी एक्सपाथ भाषाही त्याच दिवशी प्रमाणित झाली.

वृक्षात आरंभखूण व अंतखूण वेगळ्या राहत नाहीत. त्या दोहोंमिळून एकच घटक-नोड होतो. नवशिक्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. एका नियमात खूण उघडून दुसऱ्यात ती मिटविण्याचा त्यांचा प्रयत्न फसतो, कारण अर्धा नोड संभवत नाही. ‘ग्रंथ’ हा सर्वांत बाहेरचा घटक असला, तरी वृक्षाचे मूळ त्याच्याही वर असते. ग्रंथापूर्वी लिहिलेली टीप त्याची भावंड ठरते. गुणधर्माचे नाते तर विलक्षणच : घटक हा त्याचा जनक, पण तो घटकाचे अपत्य नव्हे. खुणांमधील कोरी जागाही सामान्यतः मजकुराचा नोड बनते. त्यामुळे ग्रंथाचे पहिले अपत्य मागितल्यास पहिल्या प्रकरणाऐवजी रिकामा मजकूर हाती येऊ शकतो.

पहिल्या आवृत्तीत चलात साठविलेला नवा वृक्ष ‘फलवृक्षखंड’ मानला जाई. त्याची नक्कल करता येई, पण त्याच्या शाखांत शिरून पुन्हा निवड करता येत नसे. टप्प्याटप्प्याने रूपांतर करणाऱ्यांना हे बंधन जाचक ठरले व निरनिराळ्या संस्करण-प्रणालींनी ‘नोड-सेट’ हे फलन स्वतःहून पुरविले. मायकेल के यांनी संपादिलेल्या दुसऱ्या आवृत्तीने (२००७) हा भेद रद्द करून नवा वृक्ष मूळ वृक्षाच्या बरोबरीस आणला. संपूर्ण वृक्ष संगणकाच्या स्मृतीत ठेवावा लागणे ही अडचण मात्र मोठ्या दस्तऐवजांबाबत राहिलीच. तिसऱ्या आवृत्तीत (२०१७) प्रवाही वाचनाची सोय झाली. तीत वृक्ष पूर्ण न उभारता दस्तऐवज क्रमाने वाचला जातो, परंतु मागे वळून पाहण्याच्या मुभेवर कडक मर्यादा येतात.